दारोदारची संमती

मिनाकुरा विद्यापीठात नवा अभ्यासक्रम मंजूर होतो तो सभेत नव्हे, दारात. सभा असते ती दारात ठरलेलं वाचून दाखवायला. ज्याला काही मंजूर करून घ्यायचं असेल त्याने आधी एकेका प्राध्यापकाच्या खोलीवर जायचं, दार वाजवायचं, कागदी पिशवीतून गोड सारणाच्या मांजूचा खोका न्यायचा, कमरेत वाकायचं आणि आपला विषय पानापानाने समजावून सांगायचा. समोरचा कुरकुर करणारच. ती ऐकून घ्यायची, टिपून घेतल्यासारखं करायचं आणि ‘आपण म्हणता तशी सुधारणा करतो’ म्हणून उठायचं. सगळी दारं झाली की मग सभा. सभेत कोणी तोंड उघडत नाही. उघडलंच तर त्याचा अर्थ एवढाच, की त्याच्या दारी कोणी गेलं नव्हतं. आणि यात अब्रू जाते ती न जाणाऱ्याची.

हे शहाणपण उकाई शिगेओ सरांना फार उशिरा आलं. ते जुनी दप्तरं वाचायला शिकवत. दोनतीनशे वर्षांपूर्वी ब्रशने लिहिलेले जमाखर्च, तंटे, लग्नाचे करार. अक्षरं अशी एकमेकांत गुंतलेली की आजच्या माणसाला त्यातलं एक धड लागू नये. सरांना ती वर्तमानपत्रासारखी वाचता येत. बरीच वर्षं झाली, त्यांनी या विषयाची स्वतंत्र पदवी सुरू करायचा प्रस्ताव मांडला होता. कोणाच्या दारी गेले नाहीत. माझा विषयच माझ्या वतीने बोलेल, असा त्यांचा तोरा. सभेत विरोध कोणीच केला नाही. उलट जो तो स्तुती करत सुटला, आणि शेवटी तेव्हाचे अधिष्ठाता म्हणाले की इतका मोलाचा विषय घाईने उरकणं बरं नाही, अजून थोडा मुरू द्यावा. ते घोंगडं आजतागायत भिजत पडलेलं आहे. मधल्या काळात विद्यार्थी घटले, सरांचा विभाग दुसऱ्या विभागात विरघळला, आणि सर पहिल्या वर्षाच्या पोरांना अहवाल कसा लिहावा हे शिकवू लागले.

आता त्यांची विद्यार्थिनी नवी पदवी आणत होती.

सेरिझावा मिओ. हिला अक्षर लावायला सरांनीच शिकवलं होतं. पुढे ती क्योतोला जाऊन मोठी पदवी घेऊन आली आणि मुदतीच्या नेमणुकीवर इथे परत रुजू झाली. तिचा विषय जुन्या साके-भट्ट्यांचा, म्हणजे तांदळाच्या दारूच्या. तिने मांडलेल्या पदवीचं नाव होतं ‘आंबवण-संस्कृती’. साके, सोया सॉस, आंबवलेल्या सोयाबीनचं मिसो, लोणची. अर्धा वेळ प्रयोगशाळेत, अर्धा इतिहासात. ‘लोणच्याची पदवी’ हे त्या पदवीचं टोपणनाव काढलं उकाई सरांनीच, आणि ते सगळ्या इमारतीत पसरलं तेव्हा त्यांना फार बरं वाटलं होतं. पण टोपणनावाने पदवीचं काही बिघडलं नाही. गावातले भट्टीवाले, जे सरांना जुनी दप्तरं दाखवायलाही दहा वेळा टाळत, ते सूट घालून तिच्या खोलीबाहेर उभे राहू लागले. महापौर येऊन चव घेऊन गेले. वर्तमानपत्रात तिचा फोटो आला. हातात लाकडी पळी, डोक्याला पंचा. कुलगुरू तिला नावाने ओळखत. सरांना ते अजूनही ‘उगाई’ म्हणत.

सरांच्या पोटात दुखायला लागलं ते तेव्हापासून. उगाच शब्द कशाला मऊ करायचा, तो सरळ मत्सर होता. ती जिन्यावरून हसत उतरली की त्यांना वाटे आपल्याला हसते. ती थकलेली दिसली की वाटे, बघा, थकवा मिरवते आहे. तिच्या हुशारीचं कोणी कौतुक केलं तर ते ‘माझीच विद्यार्थिनी’ म्हणत आणि ते म्हणताना दात आवळत. जे आपल्याला आयुष्यभरात मिळालं नाही ते हिला वर्षभरात मिळणार, हा विचार त्यांच्या मनात सकाळी चहाबरोबर यायचा आणि रात्री दिवा मालवल्यावरच जायचा.

आणि तिला त्या पदवीची गरज होती, हेही त्यांना ठाऊक होतं. प्रस्ताव मंजूर झाला तर तिची नोकरी कायम होणार होती. या हिवाळ्यात तो अडकला तर वर्ष वाया, आणि मुदत संपली की गाशा गुंडाळायचा. हे तिनेच सांगितलं होतं, सरांच्या खोलीत, सरांच्या डब्यातल्या तांदळाच्या पापड्या खात. ती त्यांच्याकडे दार न वाजवताच यायची. विद्यार्थिनी असल्यापासूनची सवय.

नोव्हेंबरात बर्फाचा पहिला शिडकावा झाला आणि सेरिझावाच्या फेऱ्या सुरू झाल्या. एका सकाळी ती हातात मांजूच्या खोक्यांची चवड घेऊन सरांच्या खोलीत आली. पाठीने दार ढकलून.

“सर, हे इथे ठेवते हं,” ती म्हणाली. “माझी खोली त्या टोकाला. दर वेळी तिकडून आणायचे म्हणजे पायांचे तुकडे पडतील.”

सरांनी मान हलवली. तिने पुस्तकांच्या कपाटाखाली खोके नीट लावले, वरचा एक काढून घेतला, कपाटाच्या काचेत पाहून केस सारखे केले आणि काजिवारांच्या दाराकडे गेली. काजिवारा अर्थशास्त्राचे, तोंडाने फाटके आणि प्रत्येक प्रस्तावात खोट काढण्यात पटाईत. बऱ्याच वेळाने ती बाहेर आली, सरांच्या दारातून डोकं आत घालून म्हणाली, “सोललं मला. पण झालं,” आणि गेली.

सरांनी त्या दिवशी घरी जाण्यापूर्वी खोलीतली दुसरी खुर्ची पुसून ठेवली. चांगले दोन कप धुऊन ठेवले. आपल्या दारी ती येईल तेव्हा काय म्हणायचं हे त्यांनी ठरवून टाकलं होतं. आधी ऐकून घ्यायचं, चेहरा कोरा ठेवून. मग चष्मा काढायचा. मग एकदोन अवघड शंका, ज्यांची उत्तरं तिला येणार नाहीत. मग जरा थांबून, खिडकीबाहेर पाहत, ‘ठीक आहे, माझी हरकत नाही.’ या ‘हरकत नाही’वर त्यांनी बरीच मेहनत घेतली. आवाज मोठ्या मनाचा यायला हवा होता, आणि तिला थोडं लागायलाही हवं होतं.

रोज एकदोन खोके कमी होत. तोगाशी अधिष्ठात्यांकडे दोन गेले, कारण त्यांच्या बायकोला मांजू आवडत. रसायनवाल्यांकडे गेला, इंग्रजीवाल्या बाईंकडे गेला, वर्षभर रजेवर असलेल्या आणि फक्त मतापुरत्या येणाऱ्या म्हाताऱ्या गृहस्थांकडेसुद्धा गेला, तोही बर्फातून, बसने. सरांची दुसरी खुर्ची पुसलेली ती पुसलेलीच. सेरिझावा दिवसातून दोनदा आत येई, खोका उचली, कोणाची तरी नक्कल करून दाखवी, पापडी तोंडात टाकी आणि “सगळं आटपलं की निवांत बसू, सर” म्हणून पळे. दुसऱ्यांच्या नावाचे खोके सांभाळायला आपण म्हणजे काय गोदाम आहोत, असं सरांना वाटे. एकदा ती गेल्यावर त्यांनी खाली वाकून खोक्यांवर कोणाच्या नावाची चिठ्ठी आहे का तेही पाहिलं. चिठ्ठ्या नव्हत्या. म्हणजे आशेला जागा होती, आणि ते अधिकच वाईट.

घरी फुसाए बाईंनी, म्हणजे सरांच्या पत्नीने, हे तोंड आठवडाभर पाहिलं आणि एका संध्याकाळी मिसोच्या सुपाची वाटी पुढे ठेवत विचारलं की बिनसलंय कुठे. सरांनी सांगितलं. सेरिझावा सगळ्यांकडे जाऊन आली, एक मी सोडून.

“मांजू खायचाय का तुम्हाला?” फुसाए बाई म्हणाल्या. “स्टेशनवर मिळतो. मी आणते.”

“मांजूचं नाही गं. रीत असते एक.”

“रीत.” त्यांनी मुळ्याचं लोणचं वाढलं. “मग विचारा की तिला सरळ. अहो, तोंड आहे ना?”

“मी विचारू? मी?”

“नाही, मी जाते विचारायला. आमच्या ह्यांना खोका का नाही, म्हणून.”

सर रागाने जेवले नाहीत असं नाही. जेवले, पण बोलले नाहीत. विचारायचं म्हणजे कोणाच्या तरी दारात उभं राहायचं. ते त्यांनी कधी केलं नव्हतं.

सभेच्या आदल्या दिवशी सेरिझावाने शेवटचा खोका उचलला. “संपले एकदाचे,” ती म्हणाली. तिच्या डोळ्यांखाली काळी वर्तुळं आली होती आणि ती हसत होती. “उद्या सुटले, सर.” सरांच्या संमतीबद्दल ती काही म्हणालीच नाही. कपाटाखालची जागा मोकळी झाली. सरांनी दार लावून घेतलं, आणि दोन दिवस टेबलावर पडलेलं सभेचं जाड पाकीट फोडलं. आजवर मुद्दामच फोडलं नव्हतं. आता मात्र दोष शोधायच्या इराद्याने त्यांनी पान न् पान वाचलं.

दोष फारसे नव्हते. पोरीने काम चोख केलं होतं, आणि त्याने सरांचं डोकं आणखीच तापलं. मग अभ्यासक्रमाच्या तक्त्यात दुसऱ्या वर्षाच्या ओळीत त्यांची नजर थांबली. ‘जुन्या दप्तरांचे वाचन’. सक्तीचा विषय. पुढचे चार विषय त्याच्यावर उभे. आणि शिक्षकाच्या रकान्यात, बाकी सगळीकडे नावं असताना, इथे एकच शब्द होता: ‘नियोजित’.

सरांनी चष्मा पुसला आणि पुन्हा वाचलं. म्हणजे असं होतं तर. आपला विषय, आपण तिला शिकवलेला, आपल्याला ज्याची पदवी मिळाली नाही तो, तिने उचलून स्वतःच्या पदवीत बसवला होता. आणि शिकवायला कोण? क्योतोहून कोणीतरी आणणार. तिचा तिकडचा कोणी गुरू, कोणी मित्र, तरुण, गुळगुळीत. म्हणूनच ती आपल्या दारी आली नाही. कोणत्या तोंडाने येणार? सगळं एकदम जुळलं, आणि जुळल्याचा त्यांना एक भयंकर आनंद झाला. आता त्यांच्या रागाला कारण होतं. त्या रात्री त्यांना छान झोप लागली.

दुसऱ्या दिवशी सभागृह गरम करून ठेवलेलं होतं आणि सगळे डुलक्यांच्या बेतात होते. सेरिझावाने प्रस्ताव मांडला. आवाज थोडा कापत होता, पण फार नाही. मंजुरी दारोदार मिळालेली होती, आता फक्त ती वाचायची होती. तोगाशी अधिष्ठात्यांनी कागद आवरता आवरता, वर न बघता, रिवाजाप्रमाणे म्हटलं की कोणाला काही विचारायचं असल्यास विचारावं.

उकाई सरांनी हात वर केला.

कोणी दचकलं नाही. उलट खोलीत एक सैल हालचाल झाली, माणसं खुर्चीत मागे टेकली. असंही करण्याची पद्धत होती. प्रस्ताव मांडणाऱ्याचा आपला माणूस एखादा सोपा प्रश्न विचारतो, मांडणारा पाठ केलेलं उत्तर देतो, इतिवृत्तात चर्चा झाली असं लिहिता येतं. काजिवारांनी तर डोळेच मिटले. आणि सेरिझावाने सरांकडे पाहिलं आणि तिचा चेहरा उजळला. सर आपल्या मदतीला उभे राहिले, असं तिला वाटलं होतं. ते तिच्या तोंडावर स्वच्छ लिहिलेलं होतं. सरांनी ते पाहिलं, आणि त्यांना ते ढोंग वाटलं.

दुसऱ्या वर्षाचा जुन्या दप्तरांचा विषय कोण शिकवणार, असं त्यांनी विचारलं.

सेरिझावा उठून उभी राहिली. नाव अजून लिहिलेलं नाही, ती म्हणाली. मंजुरी मिळाल्यावर त्या व्यक्तीकडे जाऊन रीतसर संमती घ्यायची आहे.

“म्हणजे अजून विचारलेलंच नाही?”

“रीतसर नाही विचारलं.” ती अजून थोडी हसत होती, पण आता जरा गोंधळून.

“ज्याला विचारलेलं नाही त्याच्या भरवशावर ही पदवी उभी आहे,” सर म्हणाले. आवाज हवा तसाच लागला होता, शांत आणि मोठ्या मनाचा. “पुढचे चार विषय या एका विषयावर. ही व्यक्ती उद्या नाही म्हणाली तर उरतं काय? लोणची. त्यासाठी पदवी कशाला, गावात दुकानं आहेत. निदान नाव तरी कळू दे.”

तिचं हसू विझलं. सरांकडे ती बघत राहिली, आणि तिच्या कानांच्या पाळ्या लाल होत गेल्या. आजूबाजूला कोणी हलेना. काजिवारांनी डोळे उघडले होते. अधिष्ठात्यांचा हात कागदांवर थांबला होता. नाव तिच्या ओठांवर होतं हे पुढे सगळ्यांनी सांगितलं. पण भर सभेत ते उच्चारणं म्हणजे काय, हे त्या खोलीतल्या प्रत्येकाला कळत होतं. फक्त विचारणाऱ्याला नाही.

“नाव सांगता येणार नाही,” ती म्हणाली. मग ती खूप खाली वाकली आणि तशीच राहिली. “माझी तयारी अपुरी पडली. क्षमा असावी.”

तोगाशींनी दातांतून हवा आत ओढली, मान तिरकी केली, आणि घाई बरी नव्हे, विषय अजून थोडा मुरू द्यावा, असं म्हणाले. पुढचा विषय सायकली ठेवण्याच्या जागेचा होता.

सर बाहेर पडले तेव्हा त्यांच्या अंगात तरतरी आली होती. बर्फ थांबलं होतं. मागच्या रस्त्यावरच्या सोबाच्या दुकानात जाऊन त्यांनी शेवयांचा गरम सोबा मागवला, वर तळलेल्या कोळंबीसकट, जी ते एरवी घेत नसत. अर्ध्यात आले होते तोच काजिवारा आत शिरले, टोपी काढून शेजारच्या स्टुलावर बसले आणि काही न मागवता त्यांच्याकडे बघत राहिले.

“काय बिनसलं तुमचं तिचं?” काजिवारांनी विचारलं.

सर म्हणाले, बिनसायचं काय आहे. शंका रास्त होती, ती विचारली.

“रास्त? अहो, मला वाटलं तुमचं ठरलेलं आहे. तुम्ही विचारणार, ती म्हणणार की उकाई सर कबूल असतील तर तेच, तुम्ही मान डोलावणार, आम्ही टाळ्या वाजवणार. मी म्हटलं, पोरीला नाटकही जमतं.”

सरांच्या चॉपस्टिक्स वाटीत थांबल्या. “मी कबूल असेन तर?”

“मग कोण? जुनी दप्तरं वाचणारा या मुलखात दुसरा कोण आहे?” काजिवारांनी आता त्यांच्याकडे नीट पाहिलं. “तुम्हाला खरंच माहीत नव्हतं? माझ्या खोलीत बसून तिने मला हेच ऐकवलं. मी म्हटलं, ही कसली लोणच्याची पदवी, तर म्हणाली, लोणचं कोणीही घालेल, पण दोनशे वर्षांपूर्वीचा भट्टीवाला काय लिहून गेला ते वाचणारा माणूस आपल्याकडे आहे, दुसऱ्या कोणत्या विद्यापीठाकडे नाही. पदवी त्यांच्यावर उभी आहे. त्यांची पदवी आपण सगळ्यांनी एकदा बुडवली, आता निदान हे तरी होऊ द्या. म्हणूनच मी हो म्हटलं. तोगाशींनाही तेच सांगितलं तिने, तेही म्हणूनच हो म्हणाले. आम्हाला जुनी टोचणी होतीच.”

“माझ्याकडे ती आली नाही,” सर म्हणाले. त्यांचा आवाज त्यांनाच लहान वाटला.

“तुमच्याकडे कशाला येईल? मीही विचारलं तिला, उकाईंची संमती? तर हसायला लागली. म्हणाली, सरांना काय विचारायचं, सर घरचेच आहेत. घरच्या माणसाकडे खोका घेऊन कोण जातं? वाकून परवानगी परक्याची मागतात. आणि सभेत नाव घेतलं असतं तर शोभा तुमचीच झाली असती, म्हणून नाही घेतलं तिने.” काजिवारा उठले. टोपी घालताना त्यांनी वाटीकडे पाहिलं. “थंड होतंय तुमचं.”

सरांना आठवलं. वर्ष झालं असेल, पापडी खाता खाता तिने विचारलं होतं, सर, तुम्ही आहात ना? आणि आपण पुस्तकातून मान वर न करता म्हटलं होतं, असेन की, जाणार कुठे. आपण ते सहज बोललो होतो. तिने ते धरून ठेवलं होतं.

ते परत आले ते सरळ तिच्या खोलीपाशी, त्या टोकाला. आत दिवा होता. दार वाजवायला त्यांनी हात उचलला. आत गेल्यावर काय म्हणायचं ते साधं होतं. चुकलो, मीच शिकवेन, उद्या तोगाशींकडे जाऊन मीच सांगतो. तेवढं सांगितलं असतं तर प्रस्ताव त्याच महिन्यात पुन्हा सभेत आला असता, हे त्यांना कळत होतं. पण साठीला टेकलेल्या या माणसाने आयुष्यात कोणाचं दार वाजवलं नव्हतं. हात तसाच राहिला. मग त्यांना वाटलं, ती चिडून आपल्याकडे येईलच, भांडेल, रडेल, आणि तेव्हा सगळं बोलता येईल. हात खाली घेऊन ते आपल्या खोलीत जाऊन वाट बघत बसले.

ती भांडायला आली नाही. दुसऱ्या दिवशी जिन्यात भेटली तेव्हा थांबून, बाजूला होऊन, तिने नमस्कार केला, जसा अधिष्ठात्यांना करतात तसा. तिच्या चेहऱ्यावर राग शोधायचा सरांनी खूप प्रयत्न केला. राग असता तर त्याला धरून काहीतरी करता आलं असतं. तांदळाच्या पापड्या मऊ पडल्या, तेव्हा फुसाए बाईंनी डबा घरी मागवून घेतला. काजिवारांनी तोंड उघडलं असणार, कारण इमारतीत सरांशी सगळेच जरा जास्त अदबीने बोलू लागले. तिने मुदत एका वर्षाने वाढवून घेतली, त्यासाठी कोणाकोणाच्या दारी गेली कोण जाणे. सर रोज सकाळी ठरवत की आज जायचं.

वर्ष गेलं. पुढच्या शरदात, झाडं पिवळी पडली होती तेव्हा, एका दुपारी सरांच्या दारावर टकटक झाली. त्यांना वाटलं कार्यालयातलं कोणी असेल.

दारात सेरिझावा उभी होती. करडा सूट, हातात कागदी पिशवी. “आपल्याला थोडा वेळ आहे का?” तिने विचारलं. आजवर ती त्यांना ‘तुम्ही’ म्हणत आली होती.

सरांनी दुसऱ्या खुर्चीवरची पुस्तकं घाईने खाली ठेवली. ती खुर्चीच्या कडेला बसली, पिशवीतून खोका काढून दोन्ही हातांनी पुढे केला, काही विशेष नाही म्हणाली, आणि मग सुधारलेला प्रस्ताव उघडून पानापानाने समजावू लागली. छान समजावत होती. सर ऐकत नव्हते, तक्त्याचं पान यायची वाट बघत होते. ते आलं. दुसऱ्या वर्षाच्या त्या ओळीत आता दुसराच विषय होता. जुन्या दप्तरांचं वाचन शेवटच्या वर्षाच्या ऐच्छिक विषयांत गेलं होतं, उन्हाळ्यातले चार दिवस, बाहेरून येणाऱ्या व्याख्यात्याकडे. शिक्षकाच्या रकान्यात क्योतोच्या कोणा माणसाचं नाव स्वच्छ छापलेलं होतं.

“मागच्या वेळी आपण जी उणीव दाखवलीत, त्याप्रमाणे सुधारणा केली आहे,” ती म्हणाली. “आता सगळ्यांच्या लेखी संमती आहेत.”

“सेरिझावा,” सर म्हणाले. “हा विषय मी शिकवेन. पहिल्यासारखा ठेव. सक्तीचा. मी शिकवतो.” आणि मग, कारण आता थांबता येईना, “माझं चुकलं त्या दिवशी. मला वाटलं तू मला वगळलंस. मला तुझा हेवा वाटत होता गं. फार वाटत होता.”

एक क्षण तिचे डोळे भरून आल्यासारखे झाले आणि सरांना वाटलं, आता ही पूर्वीसारखी बोलेल. पण तिने मान खाली घातली आणि ती वर केली तेव्हा चेहरा नीट होता.

“आपण असं म्हणालात हेच माझ्यासाठी खूप आहे,” ती म्हणाली. “पण आपल्याला आणखी त्रास देणं मला बरं वाटणार नाही. आपली हरकत नसेल तर हे असंच पुढे नेते.”

ती थांबली. उत्तर हवं होतं तिला. त्यासाठीच ती आली होती.

“हरकत नाही,” सर म्हणाले.

तिने मनापासून आभार मानले, उठली, वाकली आणि दार हळूच ओढून घेऊन गेली. मग सरांना वाटलं की नाही, असं नाही सोडायचं, अजून एकदा सांगायचं, हात धरून बसवायचं. ते उठले आणि त्यांनी दार उघडलं.

ती काजिवारांच्या दारात उभी होती. दार उघडलेलं होतं आणि ती पिशवीतून खोका काढून दोन्ही हातांनी पुढे करत होती. काही विशेष नाही, असं म्हणत होती. आपल्याला थोडा वेळ आहे का, असं विचारत होती, त्याच आवाजात. सरांची चाहूल लागून तिने मान वळवली, त्यांनाही पुन्हा एकदा वाकून नमस्कार केला, आणि ती आत गेली.